मिरजेची सतार, हवाईची युकुलेली आणि आपल्या गावातला कारागीर

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात तुमसरच्या एका कॉलेजच्या पोरानं इनबॉक्समध्ये विचारलं, "दादा, युकुलेली हातानं बनवून देणारा कोणी कारागीर आहे का जी? ऑनलाइनवाली सुरातच राहत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. युकुलेली म्हणजे गिटारीची धाकटी बहीण. चार तारा, काखेत मावेल एवढी. लॉकडाऊनपासून आपल्याकडच्या पोरापोरींच्या हातात बरीच दिसते. प्रश्न दोन ओळींचा होता, पण उत्तर शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेलो. तिथं जे सापडलं त्याचा आपल्या भंडारा जिल्ह्याशी सरळ संबंध आहे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय.

युकुलेली हे नाव हवाई बेटांचं, पण वाद्याचं मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं. २३ ऑगस्ट १८७९ ला 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलू बंदरात लागलं. मदेराहून उसाच्या मळ्यात मजुरी करायला निघालेली माणसं त्यात होती. त्यांच्यात तीन सुतार होते : मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि होझे दो एस्पिरितो सांतो. फर्निचर बनवणारी माणसं. मळ्यातलं काम संपल्यावर त्यांनी होनोलुलूत आपापली दुकानं टाकली. खुर्च्या-कपाटांबरोबर आपल्या गावाकडचं छोटं चार तारांचं वाद्य तिथल्या कोआ नावाच्या लाकडात बनवायला लागले. हवाईचा राजा कलाकौआ याला ते आवडलं, त्यानं दरबारातल्या गाण्या-नाचात त्याला जागा दिली. राजानं हातात धरलं म्हटल्यावर लोकांनीही धरलं.

पुढं १८९१ मध्ये राजा गेला आणि १८९३ मध्ये राज्यच उलथवलं गेलं. वाद्य मात्र टिकलं, कारण तोवर ते घराघरात पोहोचलं होतं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं हवाईच्या मंडपात युकुलेली वाजली आणि अख्खी अमेरिका तिच्या मागं लागली. मग व्हायचं तेच झालं. अमेरिकेतल्या कारखान्यांनी भराभर युकुलेल्या काढल्या आणि 'हवाईयन' म्हणून विकल्या. होनोलुलूचे कारागीर वैतागले. आपला माल ओळखू यावा म्हणून त्यांनी 'टाबू' नावाचा एक शिक्का तयार करून घेतला. हा शिक्का आहे तोच हवाईत बनलेला माल, असा त्याचा अर्थ. १९४९ मध्ये तर प्लास्टिकची युकुलेली आली आणि लाखांनी खपली.

हा शिक्का लक्षात ठेवा मंडळी, पुढं कामी येणार आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात या. हीच गोष्ट, त्याच्याही तीसेक वर्षं आधी, सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत घडलेली आहे.

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथं शिकलगार मंडळी होती. शिकलगार म्हणजे शस्त्रं घडवणारे, तलवारींना धार लावणारे. १८१८ ला पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल आला. लढायाच थांबल्या तर तलवारीला धार कोण लावून घेणार? हाताला काम उरलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर अख्खं सेक्टर बंद पडलं.

त्याच काळात मिरजेच्या दरबारात उत्तरेकडचे गवई-वादक येत. लांबच्या प्रवासात त्यांची वाद्यं तुटत, फुटत, उखलत. दुरुस्ती करणारा दक्षिणेत कोणी नव्हता, वाद्य पुन्हा उत्तरेत पाठवायचं म्हणजे महिन्यांचा खेळ. असं सांगतात की, संस्थानिक बाळासाहेब पटवर्धनांनी हे काम फरीदसाहेब नावाच्या एका शिकलगाराकडं सोपवलं. हात धातूकामाचा, नजर बारीक. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन यांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती आतून समजून घेतली आणि १८५० च्या सुमारास नवी वाद्यं बनवायला सुरुवात केली. पुढं या घराण्याचं आडनावच 'सतारमेकर' झालं. मिरजेत आज सतारमेकर गल्ली आहे.

एक बारकी गोष्ट इथं सांगून ठेवतो. मिरजेच्या या धंद्याची सुरुवात दुरुस्तीतून झाली. तुटलेलं वाद्य उघडून पाहिलं, तेव्हा नवं कसं बनवायचं हे कळलं. या मुद्द्यावर परत येतो.

मिरजेला राजाश्रय होता हे खरंच, पण केवळ राजाच्या जिवावर पावणेदोनशे वर्षं धंदा चालत नाही. गिऱ्हाईक वाढलं म्हणून तो चालला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्यानं डोळे गेलेला हा मुलगा उपचारासाठी मिरजेत आला आणि गाणं शिकून बाहेर पडला. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून, उस्तादांच्या घरातून निघून शाळेत आलं. गाण्याची शाळा म्हटली की तंबोरा आला. मध्यमवर्गीय घरातल्या मुली गाणं शिकायला लागल्या, तसे घरात तंबोरे आले.

दुसरं मोठं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं. किराना घराण्याचा हा गवई उत्तरेतला, पण मिरजेत स्थायिक झाला. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांचा अंत झाला आणि दफन झालं ते मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात. आजही तिथं उरुसात मोठमोठे गायक येऊन हजेरी लावतात. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. सूर जरा हलला तर न चालणारा हा माणूस. असं गिऱ्हाईक गल्लीत राहत असेल तर कारागिराला चलता है म्हणून काम करता येत नाही. चोखंदळ गिऱ्हाईकही कारागिराला घडवतं, ते असं.

आता 'बनवून घेणं' म्हणजे नेमकं काय, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आमच्या ओळखीच्या एक बाई इथं गाण्याचा क्लास चालवतात. त्यांना तंबोरा बनवून घ्यायचा होता. माझं सांगलीला काम होतं, म्हणून सोबत गेलो. आपल्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की ती थेट मिरजेलाच जाते. गोंदिया ते कोल्हापूर, एका दिवसाहून जास्त प्रवास. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

मला वाटलं होतं, दुकानात जायचं, चार तंबोरे बघायचे, एक उचलायचा. कारागिरानं आधी आम्हाला खाली बसवलं. पहिला प्रश्न, "ताई, गाणार कोण? तुम्ही का मुलं?" दुसरा प्रश्न, "पट्टी कंची?" बाईंनी सांगितलं, काळी चार. मग म्हणाला, "जरा सा लावा बघू." बाईंनी तिथंच सा लावला. तो डोळे मिटून ऐकत होता. पुरुषांचा तंबोरा काळी एक, पांढरी एकच्या आसपास लागतो, म्हणून त्याची दांडी लांब आणि भोपळा मोठा. बाईंचा तंबोरा त्यामानानं लहान. म्हणजे माप गळ्याचं घेतात. शिंप्याकडं जसं छातीचं माप देतो, तसं इथं सुराचं द्यायचं.

तिसरा प्रश्न ऐकून मी चाट पडलो. "गाव कंचं म्हणालात? भंडारा? नागपूरच्या पलीकडं? ऊन फार हाय न्हवं तुमच्याकडं?" आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि लगेच जून-जुलैत धो-धो पाऊस. लाकूड आटतं, मग फुगतं. सांधे उकलतात. त्यानं लाकूड नीट मुरलेलं घेतो म्हणून सांगितलं आणि उन्हाळ्यात तारा थोड्या उतरवून ठेवा, कूलरसमोर तंबोरा ठेवू नका, हेही बजावलं. ऑनलाइन बटण दाबून वाद्य मागवलं की ते कुठल्या हवेत राहणार, हे कोणी विचारत नाही.

मग त्यानं भोपळे दाखवले. ओळीनं टांगलेले. हा खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी तो वाद्यांसाठी पिकवतात. फळ मोठं होऊ द्यायचं, वाळू द्यायचं. मग कारागीर ते भिजवून कापतो, आतून साफ करतो, आकार देतो. त्यावर लाकडाचा गळा बसतो, पुढं दांडी, वरून तबली, मग घोडी, खुंट्या आणि तारा. लाकूड कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळं गळा आणि तबली प्रत्येक भोपळ्याच्या मापानं करावी लागते. साच्यातून शंभर काढता येत नाहीत. तंबोरा हे वाद्यच मुळात ऑर्डरचं.

सगळ्यात शेवटी जवारी. घोडीचा वरचा भाग कानसून कानसून असा करायचा, की तार त्याला जेमतेम शिवत सुटेल. त्यातून तो भरलेला, घुमणारा नाद निघतो. तारेखाली सुती दोरा सरकवून तो नाद नेमका जागेवर आणतात. हे काम मोजपट्टीवर होत नाही, कानावर होतं. आणि वाजवून वाजवून घोडी झिजली की जवारी बिघडते, पुन्हा काढावी लागते. म्हणजे तंबोरा विकत घेतला की व्यवहार संपला, असं नाही. कारागिराशी जन्माचं नातं लागतं.

निम्मे पैसे आधी दिले. "दोन महिने धरा," म्हणाला. अडीच लागले. पण आला तो तंबोरा ऐकून क्लासमधली आठवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हा तर आपोआप सूर धरून ठेवते."

मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत तयार झाला आणि त्यानं एकट्यानं रियाज करणाऱ्या हजारो लोकांची सोय केली. क्लासच्या बाईसुद्धा रोज ॲपच वापरतात. पण ॲप सुरात लावलेलंच येतं. तंबोरा आपल्याला लावावा लागतो आणि लावता लावता कान तयार होतो. पोरांनी महिनाभर खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, तेव्हा कुठं त्यांना सूर 'लागला' म्हणजे काय ते कळलं.

आता शिक्क्याची गोष्ट. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला वेगवेगळं जीआय मानांकन मिळालं. मिरजेबाहेर बनलेला माल मिरजेच्या नावानं विकला जातो, ही तिथल्या कारागिरांची जुनी तक्रार. म्हणजे होनोलुलूच्या सुतारांचं जे १९१५ च्या सुमाराचं दुखणं, तेच शंभर वर्षांनी मिरजेचं. इलाजही तोच, शिक्का. मानांकन मिळालं तेव्हा तिथल्या क्लस्टरच्या लोकांनी वर्तमानपत्रांना सांगितलं होतं, की महिन्याला साठ-सत्तर सतारी आणि शंभरेक तानपुरे बनतात.

चांगलंच झालं. पण हवाईत काय झालं ते पाहा. शिक्का असूनही जुनी दुकानं एकामागोमाग बंद पडली. १९१६ साली सॅम्युएल कामाका यांनी सुरू केलेलं दुकान आजही त्यांच्या घरातली माणसं चालवतात, कारण लोक त्यांच्याकडून वाद्य घ्यायचे थांबले नाहीत. शिक्क्यानं नकली माल ओळखता येतो. अस्सल माल कोणी मागितलाच नाही, तर शिक्का घरात फ्रेम करून लावायच्या कामाचा.

हे आपल्याला कोणी सांगायला नको. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला जीआय आहे. आपल्याकडच्या कोशाच्या करवती काठी साडीलाही आहे. मोहाडी, आंधळगावला जाऊन विणकराला विचारा, मानांकनानंतर पोरगा मागावर बसायला तयार झाला का? तो सांगेल, ऑर्डर असेल तर बसेल, भाऊ.

सरकारी बाजूचं एक बोलतो. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. चांगली योजना आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं आधी एक आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय धरले आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, टोपल्या विणणारे आहेत, खेळणी बनवणारेही आहेत. वाद्य बनवणारा नाही. आणि गंमत अशी, की यादीत शस्त्रकार आहे! म्हणजे फरीदसाहेब शिकलगार आज तलवारच घडवत राहिले असते तर यादीत बसले असते. सतार बनवायला लागले, म्हणून बाहेर राहिले असते. कोणी म्हणेल, सुतार म्हणून अर्ज भरा. भरता येईलही. पण तबल्याला शाई भरणारा, ढोलकीला पुडी चढवणारा, पेटीचा भाता बदलणारा, यानं काय म्हणून भरायचा?

आता मी मुद्द्यावर येतो, आपल्या झाडीपट्टीच्या.

आपल्यासारखं वाद्यांवर जगणारं दुसरं मुलूख दाखवा. दिवाळी झाली की मंडई, मंडई आली की रात्रभर नाटक. दंडार, खडी गंमत. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची भजनं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी ऐकली ती म्हातारी माणसं अजून आहेत. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण फटाके फोडले. प्रत्येक गावात पेटी आहे, ढोलकी आहे, तबला आहे, टाळ-झांजा आहेत. पण ही वाद्यं बिघडली की कुठं जातात?

मी गेल्या काही महिन्यांत तालुक्यांत फिरताना हा प्रश्न मुद्दाम विचारतोय. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "नागपूरले नेतो जी." काही ठिकाणी, "आमच्या गावात एक बुवा होते, ते गेले. पोरगा करत नाही." एका ग्रामपंचायतीच्या समाजमंदिरात तीन पेट्या एकावर एक रचलेल्या पाहिल्या. तिन्ही बंद. एकीचा भाता फाटलेला, दुसरीच्या चार पट्ट्या बसलेल्या, तिसरी उंदरांनी खाल्लेली. चौथी नवी कोरी, योजनेतून आलेली. दुरुस्तीला पैसा नाही, खरेदीला आहे. कारण खरेदीचं बिल लावता येते आणि फोटो निघते. भाता बदलल्याचा फोटो कोण छापेल? (मी छापतो, पाठवा.)

मिरजेची गोष्ट मी एवढी पाल्हाळ लावून सांगितली ती यासाठी. तिथं सगळं दुरुस्तीतून सुरू झालं. दुरुस्ती करणारा हात गावात असेल, तर त्यातला एखादा उद्या बनवणारा होईल. दुरुस्ती करणाराच गेला, तर गावाला वाद्य आतून कसं असतं हे माहीत असलेला माणूसच उरत नाही. मग नवं वाद्य चांगलं की वाईट, हेसुद्धा कळत नाही. येईल ते घ्यायचं, बिघडलं की रचून ठेवायचं.

म्हणून तीन मागण्या मांडतो. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी मंडळी ही पोस्ट वाचतात, हे मला माहीत आहे.

एक, भजनी मंडळांना, समाजमंदिरांना, शाळांना साहित्य देताना खरेदीबरोबर दुरुस्तीचाही खर्च मंजूर करा. नव्या एका पेटीच्या पैशात जुन्या दोन-तीन उभ्या राहतात, असं पेटीवालेच सांगतात.

दोन, विश्वकर्मा योजनेच्या यादीत वाद्य कारागीर घाला, असा ठराव आपल्या जिल्ह्यातून जाऊ द्या. झाडीपट्टीनं नाही मागायचं तर कोणी मागायचं?

तीन, जिल्ह्यात ढोलकी, तबला, पेटी दुरुस्त करणारे किती हात उरले आहेत, त्यांची यादी करा. हे काम सरकारनं केलं नाही तरी आपण करू शकतो, इथंच.

आणि तुमसरच्या आपल्या मित्राला उत्तर : भाऊ, युकुलेली बनवणारा आपल्या जिल्ह्यात मला सापडला नाही. गिटारीच्या जातीची वाद्यं हातानं बनवणारे मोजके कारागीर देशात आहेत. कोणाकडूनही बनवून घे, पण आधी हे ठरव. माप कोणतं, सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर? हात मोठा असेल तर सोप्रानोवर बोटं अडखळतात. लाकूड पूर्ण भरीव हवं की प्लायवूड चालेल? भरीव लाकडाचा आवाज चांगला, पण आपल्या उन्हाळ्यात जपावं लागेल. तुझी आत्ताची युकुलेली मोकळ्या तारांवर सुरात आणि वर सरकलं की बेसूर होत असेल, तर बहुधा पट्ट्यांची किंवा घोडीची जागा चुकलेली आहे. नवी घेण्याआधी ती जाणकाराला दाखव. आणि ज्याला ऑर्डर देशील त्याला पहिलाच प्रश्न विचार, "बिघडली तर दुरुस्त करून देता का जी?" हो म्हणाला, तर निर्धास्त विसार दे.

आता तुमचं काम. तुमच्या गावात पेटी, ढोलकी, तबला दुरुस्त करणारं कोणी असेल, तर कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा. त्यांचं नाव आणि नंबर उघड्यावर टाकू नका, त्यांना विचारून मला इनबॉक्स करा. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, सातही तालुक्यांची यादी झाली की ती मी भजनी मंडळांच्या ग्रुपवर टाकतो. मंडईचा सीझन यायच्या आत बंद पडलेली एक तरी पेटी दुरुस्तीला टाका. नागपूरला न्यायच्या आधी शेजारच्या गावात विचारून पाहा.